मदतीचा पैसा घरापर्यंत पोचला का, हे कुणी आणि कधी तपासायचं?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या माजी विद्यार्थी संघाने भूकंपग्रस्त गावातल्या घरांसाठी निधी जमवला आहे. एक संस्था म्हणते, ‘आम्ही घरं बांधून किल्ल्या हातात देतो.’ दुसरी म्हणते, ‘घरमालकांच्या खात्यात हप्त्याने पैसे टाका, आम्ही तांत्रिक मदत करतो.’ सभासदांत यावरून दोन तट पडलेत. काहींना भीती आहे की रोख दिले तर लोक उडवतील, काहींना भीती आहे की संस्थाच खाईल. शेवटी तुम्ही विचारलंय, ‘किल्लारीत एवढा पैसा आला, त्याचं काय झालं? आणि आमचा पैसा योग्य जागी गेला हे आम्हाला कसं कळणार?’

मी स्थापत्य अभियंता आहे. किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबाद भागात घरांच्या दुरुस्ती आणि बळकटीकरणाच्या कामावर होतो, पुढे कच्छमध्येही हेच काम केलं. त्या अनुभवावरून सांगतो. उत्तर लांबणार आहे, कारण ‘अमुक संस्थेला द्या’ एवढं सांगून तुमचं काम होणार नाही.

आधी प्रश्न थोडा बदलून घेऊ. ‘पैसे कुणी खाल्ले का?’ हा प्रश्न सगळेच विचारतात आणि तो विचारलाच पाहिजे. पण मी पाहिलेल्या वाया गेलेल्या पैशातला मोठा भाग कुणाच्या खिशात गेलेला नव्हता. त्याची बिलं होती, पावत्या होत्या, लेखापरीक्षण झालेलं होतं, आणि तरीही घर एक तर कच्चं होतं किंवा त्यात राहणाऱ्याच्या उपयोगाचं नव्हतं. म्हणून मी असं विचारतो: घर उभं राहत असताना ‘हे चुकतंय, थांबा’ म्हणायचा अधिकार कुणाकडे आहे? आणि त्याने तसं म्हटलं तर पुढचा पैसा खरोखर थांबतो का?

यामागचं कारण अगदी बांधकामातलं आहे. भूकंपात घर वाचवणाऱ्या बहुतेक गोष्टी घर पूर्ण झाल्यावर दिसत नाहीत. पाया घट्ट मुरुमापर्यंत गेला की काळ्या मातीतच थांबला, जोत्याच्या पट्ट्यात (सगळ्या भिंतींवरून सलग फिरणाऱ्या काँक्रीटच्या पट्टीत) सळई किती आणि कोपऱ्यात ती कशी वळवली, दगडी भिंतीत आरपार जाणारे दगड घातले की नाही, हे सगळं गिलावा झाला की झाकलं जातं. दोन वर्षांनी येणारा लेखापरीक्षक सिमेंटची पावती पाहू शकतो, काँक्रीटच्या पोटातली सळई पाहू शकत नाही. म्हणून मदतीच्या पैशाचा हिशेब बांधकाम चालू असतानाच, दर टप्प्यावर व्हायला हवा. शेवटी होतो तो फक्त कागदांचा हिशेब.

आता किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारच्या सुमाराला, अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक झोपलेले असताना तो धक्का बसला. तीव्रता ६.२ च्या आसपास, म्हणजे जगाच्या मानाने प्रचंड नाही. तरी सुमारे आठ हजार माणसं गेली. कारण घरं. डबराच्या दगडाच्या, मातीत रचलेल्या दोन-अडीच फुटी भिंती आणि वर माळवदाच्या मातीचं ओझं. भिंतीचे आतला आणि बाहेरचा असे दोन पदर, मध्ये कपच्या भरलेल्या, आणि दोन्ही पदरांना बांधून ठेवणारा दगड क्वचितच. हादरा बसला की पदर सुटतात, भिंत कोसळते. कित्येक ठिकाणी भिंती पडल्या आणि लाकडी खण (खांब-तुळयांचे सांगाडे) तसेच उभे राहिले. ते पाहिलेल्या माणसाला पुढे दगडाची भीती का बसली हे समजावून सांगावं लागत नाही.

त्यानंतर राज्य सरकारने जागतिक बँकेचं सुमारे २४.६ कोटी डॉलरचं कर्ज घेऊन पुनर्वसनाचा कार्यक्रम राबवला. त्यात दोन अगदी वेगळ्या पद्धती शेजारी शेजारी चालल्या. तुमच्या संघात आज जो वाद चालू आहे, त्याच्या दोन्ही बाजू तिथे प्रत्यक्षात उतरल्या होत्या.

पहिली पद्धत ‘अ’ वर्गाच्या गावांची. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावं नव्या जागी वसवायची. कंत्राटदारांनी आणि देणगीदार संस्थांनी तिथे २५ हजारांहून जास्त घरं बांधली. घराचा आकार जमिनीवरून ठरला: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४५०, त्यावर ७५०. घर बांधून झाल्यावर कुटुंबाला मिळालं.

दुसरी पद्धत ‘क’ वर्गाची. १३ जिल्ह्यांतली दोन हजारांहून जास्त गावं, दोन लाखांच्या आसपास घरं, जी पडली नव्हती पण तडकली होती. इथे मालकाला नुकसानीच्या प्रमाणात १७ हजार किंवा ३४ हजार रुपये, तेही हप्त्यांनी. काम त्याने स्वतः करून घ्यायचं, अभियंत्याने पाहायचं, मग पुढचा हप्ता.

‘अ’ वर्गातली घरं वाईट होती असं मी म्हणणार नाही. ज्या गावात घराघरातून प्रेतं निघाली, तिथल्या माणसाला ‘वाळू आण, गवंडी शोध, घर बांध’ म्हणणं क्रूरपणाचं झालं असतं. भूमिहीनांना, ज्यांचं आधी कुडाचं खोपटं होतं, पक्कं घर मिळालं ही मोठी गोष्ट होती. पण नव्या गावांत आज फिरलात तर काय दिसतं पाहा. सरळ रेषेत आखलेले रुंद रस्ते, जुन्या गावठाणापेक्षा कितीतरी पट जागा. ज्या भावकीचं अंगण एक होतं ती चार गल्ल्यांत पांगलेली. बैल कुठे बांधायचे, कडबा कुठे रचायचा याचा विचार बऱ्याच नकाशांत नव्हता, म्हणून लोकांनी पुढे-मागे पत्र्याचे आडोसे काढले. आणि तेवढ्या लांबीच्या रस्त्यांचे दिवे, गटारं, नळ सांभाळायचा भार त्याच छोट्या ग्रामपंचायतीवर. यातला एकही रुपया चोरीला गेलेला नसला तरी हा पैशाच्या हिशेबातलाच प्रश्न आहे. घर कसं हवं हे ठरवणारा, पैसे देणारा आणि बांधणारा एका बाजूला होते. राहणारा दुसऱ्या बाजूला होता, आणि त्याच्या सहीवाचून एकही बिल अडत नव्हतं.

‘क’ वर्गात उलट झालं. तिथे पासबुक मालकाच्या हातात, त्यामुळे तो प्रश्न विचारायचा. ‘ही जाळी कशाला? माळवदावरची माती का काढायची? पुढचा हप्ता कधी?’ सुरुवातीला आम्हा अभियंत्यांना या प्रश्नांचा त्रास वाटायचा, कारण हाताखाली गावं भरपूर आणि प्रत्येक ओट्यावर उभं राहून समजावून सांगावं लागायचं. पण काम त्यामुळेच सुधारलं. पुढे ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलं गेलं. हजाराहून जास्त गावांत त्यांनी काम केलं. कुणाला किती मिळणार, कुणाचा हप्ता अडलाय, का अडलाय, काम कसं व्हायला हवं, हे त्या घरोघरी सांगत आणि आमच्याकडून उत्तरं काढून नेत. माझ्या मते त्या कार्यक्रमातला सगळ्यात चांगला निर्णय हा होता. दर आठवड्याला चुलीपाशी बसून माहिती देणारी बाई गावात असेल तर पैसे अडवून धरणाऱ्याला लपायला जागा उरत नाही.

आता तुमच्या सभासदांची भीती: ‘लोक पैसे उडवतील.’ ‘क’ वर्गात खूप लोकांनी जुन्या भिंती बळकट करायच्या सोडून त्या पैशात विटांची किंवा ब्लॉकची एक नवी खोली बांधली. कागदावरचा हेतू बळकटीकरणाचा, प्रत्यक्षात नवी खोली. हा गैरवापर म्हणायचा का? तेव्हा यावर आमच्यात खूप वाद झाले. मी त्याला गैरवापर मानत नाही. दगडी भिंतीखाली माणसं मेलेली ज्याने पाहिली, तो त्याच भिंतीत आरपार दगड घालून तिच्याखाली झोपायला तयार होत नव्हता. त्याला रात्री मुलांना घेऊन झोपायला एक सुरक्षित खोली हवी होती. तक्रार करायचीच तर आमची करा, की त्या खोलीत पट्टे नीट पडतायत का याकडे सगळीकडे पुरेसं लक्ष दिलं गेलं नाही, आणि मागचं जुनं घर तसंच धोकादायक राहिलं. नेपाळमध्ये २०१५ च्या भूकंपानंतर असंच घडलं. तिथे सरकारने घरामागे तीन लाख नेपाळी रुपये तीन हप्त्यांत दिले: करार झाल्यावर ५० हजार, जोतं झाल्यावर दीड लाख, भिंती छतापर्यंत गेल्यावर एक लाख. मुदतीत हप्ता पदरात पाडायचा म्हणून अनेकांनी एकच छोटी खोली बांधली आणि स्वतः जुन्याच घरात राहिले. दोन्हीकडे लोकांनी नियमाला धरून वागूनच आपली अडचण सोडवली. हप्त्याची अट जशी ठेवाल तसं घर उभं राहतं, हे तुम्ही अट लिहिताना लक्षात ठेवा.

तर रोख की बांधून? माझा कल मालकाने स्वतः बांधण्याकडे आहे. गुजरातनेही २००१ च्या भूकंपानंतर, किल्लारीचा अनुभव समोर असताना, मुख्यतः हाच रस्ता घेतला. तरी हे परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि कशावर ते सांगतो. गावात धडधाकट माणसं आहेत का, की कर्ती पिढीच गेली? जमीन स्वतःच्या नावावर आहे का? गवंडी मिळतात का? एका तालुक्यात हजारो घरं एकदम निघाली की मिस्त्रीची मजुरी आणि वाळूचा भाव कुठे जातो ते पाहिलंय मी. आणि पावसाळ्याआधी किती महिने हातात आहेत? एकटी विधवा, म्हातारं जोडपं, अपंग माणूस यांना खात्यात पैसे टाकून मोकळं होणं म्हणजे त्यांना ठेकेदाराच्या तावडीत देणं. अशा घरांसाठी संस्थेने उभं राहून बांधून द्यावं, पण नकाशा त्या माणसाला विचारून आणि हप्ता त्याच्या सहीने. एकाच गावात दोन्ही पद्धती चालू शकतात. ‘सगळ्यांना एकच नियम’ ऐकायला न्याय्य वाटतं, पण अशा गावात तो सगळ्यात दुबळ्याच्या विरुद्ध जातो.

हप्त्यांची रचना कशी असावी हे जरा सविस्तर सांगतो, कारण तुमचा खरा ताबा इथे आहे.

पहिला हप्ता काम सुरू करायला, अटीविना, आणि पुरेसा. तो फार लहान ठेवला तर माणूस सावकाराकडे जातो आणि दुसरा हप्ता थेट सावकाराच्या घरी जातो. दुसरा हप्ता जोत्यावर. पण जोतं ‘झाल्यावर’ पाहायला जाऊ नका. पट्ट्याची सळई बांधलेली असताना, काँक्रीट ओतायच्या आधी जा. कोपऱ्यात सळई वळवून दुसऱ्या भिंतीत पुरेशी घुसवली आहे का ते पाहा, फोटो काढा, फोटोत घराचा क्रमांक लिहिलेली पाटी आणि मालक दोघंही असू द्या. तिसरा टप्पा लिंटलचा. दारं-खिडक्यांवरचा पट्टा सगळ्या भिंतींवरून सलग फिरला पाहिजे. नुसते दारावर तुकडे टाकून ‘लिंटल झालं’ म्हणणारे मिस्त्री पुष्कळ आहेत. दगडी भिंत असेल तर आरपार दगड दर दोन फूट उंचीला आणि आडव्या अंतरात चार फुटांच्या आत हवेत. भारतीय मानकांत, आय.एस. १३८२८ मध्ये, हे लिहिलेलं आहे, आणि गवंड्याला एकदा उभं राहून दाखवलं की तो ते विसरत नाही. शेवटचा हप्ता छतावर, आणि तो अगदी लहान ठेवा. मोठी रक्कम शेवटी राखून ठेवली की लोक उसनवारी करून घाईने छत टाकतात आणि नेमकं तिथेच पाणी मारायचं राहून जातं.

आता सगळ्यांना माहीत असलेली आणि कुणी कागदावर न आणणारी गोष्ट. हप्ता ज्याच्या दाखल्यावर सुटतो, त्या दाखल्यालाच भाव येतो. टक्केवारी तिथे सुरू होते. अभियंता भला असला तरी तो दोन आठवडे आला नाही तर काम अडतं, आणि अडलेला माणूस काहीही द्यायला तयार होतो. म्हणून उशीर हाच भ्रष्टाचाराचा पाया आहे असं मी मानतो आणि आधी उशिरावर घाव घालतो. तपासणीचा वार ठरलेला असावा, उदाहरणार्थ दर गुरुवारी या गावात. मालकाने काम तयार असल्याचं कळवल्यापासून ठरलेल्या दिवसांत कुणी आलं नाही तर दुसऱ्या अभियंत्याला बोलवायची मुभा असावी. हप्ता नाकारला तर कारण लिहून, मराठीत किंवा तिथल्या भाषेत, मालकाच्या हातात. ‘पुढच्या वेळी बघू’ हे उत्तर चालणार नाही. आणि दर टप्प्यावरच्या काही घरांची, कुठली ते आधी न सांगता, बाहेरच्या माणसाकडून फेरतपासणी. गुजरातमध्ये नॅशनल कौन्सिल फॉर सिमेंट अँड बिल्डिंग मटेरियल्स या संस्थेकडे त्रयस्थ तपासणी दिली होती. तुम्हाला एवढ्या मोठ्या संस्थेची गरज नाही. जवळच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातले प्राध्यापक आणि शेवटच्या वर्षाची मुलं हे काम उत्तम करतात.

यादी हा दुसरा कच्चा दुवा. पंचनामे पहिल्या काही दिवसांत होतात, तेव्हा निम्मं गाव दवाखान्यात किंवा नातेवाइकांकडे असतं. जो हजर असतो त्याचं नाव लागतं. शिवाय ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत, घर एकाच्या नावावर असतं आणि त्यात तीन चुली असतात. थोरल्याला घर मिळतं, धाकटे आणि विधवा भावजय राहून जातात. भाड्याने राहणारा तर कुठेच नसतो. नेपाळमध्ये यादीवरून लाखाहून जास्त तक्रारी आल्या, त्यातल्या कित्येक खऱ्या होत्या. म्हणून तुमच्या संस्थेला विचारा: यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचली का? चावडीवर किती दिवस लावली? हरकती किती आल्या, किती मान्य झाल्या, किती फेटाळल्या, आणि का? एकही हरकत आली नाही असं उत्तर मिळालं तर समजा, यादी वाचलीच गेलेली नाही. आणि दलित वस्तीत, पारधी-वडार वस्तीत ती वेगळी जाऊन वाचली का हे मुद्दाम विचारा. चावडीवर लावलेला कागद तिथपर्यंत आपोआप पोचत नाही.

एकच घर दोघा-तिघा देणगीदारांना दाखवण्याचा प्रकारही होतो. सरकारी अनुदानात बांधलेल्या घरावर संस्थेची पाटी, तिच्याच शेजारी उभं राहून तिसऱ्या देणगीदारासाठी फोटो. यावर साधा उपाय असा: प्रत्येक घराच्या दाराशेजारी रंगाने लिहायचं, घर क्रमांक, सरकारचे इतके, अमुक संस्थेचे इतके, मालकाचे स्वतःचे इतके. मालकाच्या स्वतःच्या पैशांचा आकडा वगळू देऊ नका. बहुतेक घरांत तो लहान नसतो, आणि तो लिहिला की भिंतीवर मालकाचं नाव देणगीदाराच्या बरोबरीने येतं. शेजारी तो आकडा रोज वाचतात. खोटा असेल तर आठवड्यात कळतं.

इथवरचं थोडक्यात: पैसे टप्प्याने द्या, टप्पा झाकायच्या आधी पाहा, नकाराचं कारण लेखी द्या, यादी मोठ्याने वाचा, आणि हिशेब घराच्या भिंतीवर लिहा. आता कागदांकडे येतो.

संस्था तुम्हाला उपयोगिता प्रमाणपत्र देईल. ते घ्या, पण ते काय सांगतं ते समजून घ्या. अमुक रक्कम मंजूर हेतूसाठी खर्च झाली, एवढंच. तुम्ही त्याच्याबरोबर प्रत्येक घराचं मोजमाप, टप्प्यांच्या तारखा आणि हप्ते जमा झाल्याच्या तारखा मागा. काम तयार झाल्याची तारीख आणि पैसे मिळाल्याची तारीख यांतलं अंतर काढा. मी कुठलाही अहवाल हातात आला की आधी ते अंतर पाहतो. ते अंतर वाढत गेलं असेल तर तिथे कुणीतरी अडवत होतं, किंवा संस्थेने तुमचा पैसा दुसरीकडे फिरवला होता.

संस्था महाराष्ट्रातला नोंदणीकृत न्यास असेल तर तिला दरवर्षी लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे द्यावा लागतो. तो मागितला तर चांगली संस्था नाराज होत नाही. तुमच्या सभासदांपैकी काही परदेशी नागरिक असतील आणि त्यांचा पैसा असेल तर परकीय योगदानाचा कायदा लागतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा एका संस्थेने दुसरीला देता येत नाही आणि प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. ‘आमची मुंबईची संस्था घेईल आणि गावच्या संस्थेला देईल’ असं कुणी सांगितलं तर आधी हे विचारा.

सरकारी पैसाही त्याच घरात असेल तर माहितीचा अधिकार वापरा. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. पण ‘भूकंप निधीची सर्व माहिती द्या’ असं लिहू नका, त्याला उत्तर मिळत नाही किंवा ढीगभर कागद मिळतात. एका गावाचं नाव घालून लाभार्थी यादी, प्रत्येकाच्या हप्त्याच्या तारखा आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत मागा. फार थोड्यांना माहीत असतं की या कायद्याच्या कलम २(जे) मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे. म्हणजे गावकरी चालू बांधकामावर जाऊन वाळू-सिमेंटचा नमुना अधिकृतपणे मागू शकतात. असा अर्ज गावातल्या माणसाच्या नावाने गेला तर फार बरं, पण त्याला त्रास होण्याची शक्यता असेल तर तुम्ही शहरात बसून करा. तुम्हाला कुणी गावात त्रास देऊ शकत नाही.

तुमच्या एका सभासदाचा आग्रह आहे असं तुम्ही लिहिलंय, की शंभरातले शंभर रुपये विटा-सिमेंटवरच गेले पाहिजेत, पगारावर एकही नको. त्यांना माझा नमस्कार सांगा, भावना मी समजतो. पण हा आग्रह सोडा. काँक्रीट ओतायच्या आधी कोपऱ्यातली सळई पाहणारा माणूस हाच तुमचा हिशेबनीस आहे. त्याला पगार नाही दिला तर तो येणार नाही. मग घरं उभी राहतील, फोटो छान येतील, आणि पुढच्या धक्क्यात त्यातली किती टिकतील हे कुणालाच सांगता येणार नाही. तांत्रिक देखरेख आणि गावातल्या बायकांचं मानधन हा घराच्या खर्चाचाच भाग धरा. गाडी, फ्लेक्स आणि उद्घाटनाचे मंडप यांच्यावर मात्र जरूर आडवे पडा.

पुढे कधीतरी तुम्ही गाव पाहायला जाल. काही घरं बंद दिसतील. लगेच ‘आमचा पैसा फुकट गेला’ असा निष्कर्ष काढू नका. माणसं ऊसतोडीला गेलेली असतात, पुण्या-मुंबईला गेलेली असतात, शेतात वस्तीवर राहत असतात. बंद दारापेक्षा उघड्या दारात बसून विचारा: ‘घर बांधताना तुम्ही काही बदलायला सांगितलं होतं का? ते बदललं का?’ त्या उत्तरातून तुम्हाला अहवालापेक्षा जास्त कळेल. आणि जाताना सरपंचाला आधी कळवू नका, एखाद्या संवाद सहायकासारख्या बाईला कळवा.

तुमच्या निधीबद्दल माझा सल्ला असा. दोन्ही संस्थांना एकच पानभर प्रश्न पाठवा: हप्ते किती आणि कुठल्या टप्प्यावर, टप्पा कोण पाहणार, त्याने नाही म्हटलं तर काय होतं, मालकाला तक्रार कुठे करता येते आणि ती तक्रार संस्थेव्यतिरिक्त कुणाकडे जाते. ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ असं उत्तर देणाऱ्या संस्थेला पैसे देऊ नका, मग ती कितीही नावाजलेली असो. ज्या संस्थेचं उत्तर नीट असेल तिला सगळी रक्कम एकदम न देता तुमचेही हप्ते करा, घरांच्या टप्प्यांना बांधलेले. आणि साधारण दहावा भाग एक पावसाळा उलटेपर्यंत स्वतःकडे ठेवा. पहिल्या पावसात कुठलं छत गळतं, कुठल्या जोत्याला भेग जाते, काळ्या मातीत कुठला पाया खचतो हे कळतं, आणि तेव्हा दुरुस्तीला पैसे देणारा देणगीदार सहसा कुणी उरलेला नसतो. करारात हे आत्ताच लिहून घ्या. संस्थेने पाठवलेला मसुदा इथे टाकलात, गावाचं आणि लोकांचं नाव काढून, तर मी एकेक कलम पाहून सांगेन.